निळ्या दोऱ्याची फुली

तिला सगळे डिंकमावशी म्हणायचे आणि तिला ते मनापासून आवडायचं. एकवीस वर्षं तिने बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवले होते. तिच्या हातचा तळ सुटला म्हणून परत आलेलं गिऱ्हाईक कोणी पाहिलं नव्हतं. हे लोकांनी सांगायची ती वाटही बघत नसे, स्वतःच सांगून टाकायची, आणि समोरच्याने आधी ऐकलेलं असलं तरी तिला फरक पडत नसे.

त्या कारखान्यात एक पद्धत होती. चिकटवणारी प्रत्येक बाई बुटाच्या आत, मऊ अस्तराखाली, आपली खूण ठेवायची. कोणाचा खडूचा ठिपका, कोणाची पेनाची रेघ. मावशीची खूण म्हणजे निळ्या दोऱ्याचे दोन तुकडे, एकमेकांवर आडवे-उभे ठेवून डिंकात बसवलेली फुली. खडू पुसला जातो, दोरा जात नाही, असं तिचं म्हणणं. घरातल्या सगळ्यांच्या बुटांतही ती फुली असायची. लेक शाळेत असताना मैत्रिणींना बुटाचं अस्तर उचलून दाखवायची, "ही माझ्या आईची सही."

बुटांचा कारखाना बंद पडला त्या दिवशी मालकाने भाषण केलं आणि प्रत्येकीच्या हातात डिंकाचा एकेक डबा दिला. बायका घराकडे निघाल्या त्या मालकाला शिव्या घालतच. मावशीनेही शिव्या घातल्या, पण डबा नीट सांभाळून आणला आणि भांडी घासायच्या ओट्याखाली पालथा ठेवला. पालथा ठेवला की वाळत नाही.

वर्षभर घरात बसून तिने नवऱ्याचं डोकं खाल्ल्यावर तिला नवी नोकरी लागली. बस डेपोच्या मागे एक लांबट इमारत होती, दारावर पाटी फक्त 'दुरुस्ती विभाग' एवढीच. आत दुरुस्त व्हायची ती लष्कराची छोटी टेहळणी विमानं. पेपरवाले त्यांना ड्रोन म्हणतात, तिथल्या बायका पाखरू म्हणायच्या. माणसाने दोन्ही हात पसरले की जेवढा होईल तेवढा पंख, फोमचं हलकं अंग, शेपटीकडे पंखा, आणि नाकात कॅमेरा. कॅमेऱ्याला सगळ्या डोळा म्हणायच्या. हे पाखरू उडवायला धावपट्टी लागत नाही. एकाने चार पावलं धावत जाऊन ते हाताने हवेत भिरकावायचं, दुसऱ्याने हातातल्या पडद्यावर बघत हाकायचं. टेकडीपलीकडे काय आहे ते पाखरू बघून येतं, म्हणजे माणसाला आधी जावं लागत नाही.

डिंकमावशीला ही सगळी माहिती या नव्या कारखान्याने दिली नव्हती. तिथे काही विचारायचं नाही असा नियमच होता. माहिती आली ती घरातून, लेक सुटीवर आली तेव्हा, कारण ती लष्करात होती आणि तिचं कामच मुळी पाखरू फेकण्याचं होतं. लहानपणी भावंडं नसल्यामुळे तिने उशा, चपला आणि एकदा बापाचा रेडिओ असं बरंच काही भिरकावून हात तयार केला होता. आईला तिथे नोकरी लागली हे कळल्यावर फोनवर खदाखदा हसून म्हणाली होती, "घ्या! म्हणजे अजूनही तेच चाललंय आई. मी मोडते, तू जोड."

मावशीचं टेबल खिडकीशी होतं. मोडलेलं पाखरू खोक्यातून यायचं आणि सोबत एक चिठ्ठी. काय मोडलं, कसं मोडलं, तारीख, शेरा. तुकडी कुठली, गाव कुठलं, यातलं काहीच लिहिलेलं नसायचं. पण अक्षर तर असायचं! लेक डावखुरी, तिचं अक्षर डावीकडे कललेलं, ओळ वर वर चढत जाणारी. चौदा महिन्यांत ते अक्षर मावशीला दोनदा सापडलं. दोन्ही वेळा तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, इकडेतिकडे बघितलं, आणि चिठ्ठी मुकाट्याने टोपलीत टाकली. पण तेव्हापासून तिला पक्कं ठाऊक झालं, की या टेबलावरून गेलेली पाखरं लेकीच्या हातात पडतात.

आता मुख्य गोष्ट. पाखरू कुठूनही येवो, आणखी काहीही मोडलेलं असो, एक मोडतोड ठरलेली असायची. पंख अंगापासून सुटलेला. पंख बसवायला तीन प्लॅस्टिकच्या खुंट्या आणि वरून चिकटपट्टीची एकच पट्टी. भिंतीवर कागदच लावला होता: तीन खुंट्या, एक पट्टी, बाकी काही नाही. मावशी खुंट्या बदलायची, पट्टी लावायची, पाखरू दोन टोकांवर तोलून बघायची आणि पाठवायची. महिन्याभरात तेच पाखरू परत यायचं, पुन्हा पंख सुटलेला. तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बुटाचा तळ दर महिन्याला सुटला असता तर तिला जीव द्यावासा वाटला असता, आणि इथे रोज तळ सुटत होते नि कोणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं!

"खुंट्यांचं काम भिकार आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा म्हणजे बसचा निवृत्त ड्रायव्हर. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी खुर्चीत बसल्या बसल्या बोलताना त्याचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. "अगं, त्यांनी काहीतरी विचार करूनच ठरवलं असेल ना?" तो म्हणाला.

"विचार करणाऱ्यांनी कधी काही चिकटवलंय का आयुष्यात?"

त्याने नुसता पाय दाबला.

दुसऱ्या आठवड्यात मावशीने तो पालथा डबा पिशवीत घालून नेला. अकरा पाखरांची खेप तिच्या टेबलावर होती. तिने खुंट्या बसवल्या, जोडात पातळ कापडाची पट्टी डिंकात भिजवून घातली, दोन्ही बाजूंनी दाबून धरली, वरून नियमाप्रमाणे चिकटपट्टी लावली. वजन जरा वाढलं तेही तिने तोलून शेपटीकडे सारखं करून घेतलं. चिकटपट्टीखाली, कोणाला दिसू नये आणि तरी असावी म्हणून, निळ्या दोऱ्याची फुली. अकरा पाखरं, अकरा फुल्या. लेक निघाली त्याच्या आदल्या दिवशी तिच्या लष्करी बुटांनाही मावशीने असंच केलं होतं, कारण सरकारी डिंकावर तिचा कवडीचा विश्वास नव्हता.

तपासायला सुपरवायझर होते. प्रत्येक कागदावर शिक्का मारल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे म्हणून बायका त्यांना शिक्कासाहेब म्हणायच्या. त्यांनी एकेक पंख धरून हलवला. हलला नाही.

"वा मावशी, या खेपेला काम कसं ठणठणीत झालंय!" म्हणाले आणि अकरा शिक्के मारले. मावशी त्या दिवशी घरी जाताना रस्ताभर गुणगुणत गेली.

आठ दिवसांनी, सोमवारी, लष्कराच्या तपासणीवाल्या बाई आल्या. या बाई महिन्यातून एकदा यायच्या, बुटक्या, चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, "इतके महिने पाखरं जोडताय, एकदा उडताना तरी बघा." सगळ्या बायकांना त्यांनी मागच्या मैदानात नेलं.

स्वतःच चार पावलं धावून त्यांनी पाखरू भिरकावलं. ते एकदा खाली गेलं, बायका ओरडल्या, मग सावरून वर चढलं. पडद्यावर कारखान्याचं छप्पर दिसलं, डेपोतल्या बसच्या रांगा दिसल्या, आणि गच्चीवर शिक्कासाहेब लपून सिगरेट ओढत होते तेही दिसले. बायकांची हसून मुरकुंडी वळली. मावशी हसत होती, डोळे पुसत होती आणि मनात म्हणत होती, हे माझी पोर करते.

मग बाईंनी पाखरू उतरवलं. उतरवलं कसलं, पंखा बंद केला, नाक वर केलं आणि ते आभाळातून सरळ आडवंच पडलं. दाणकन आवाज झाला, पंख एकीकडे, अंग दुसरीकडे. बायका "अगं आई गं!" करून ओरडल्या.

"घाबरू नका, हे असंच उतरतं," बाई म्हणाल्या. "त्याला चाकं नाहीत, पाय नाहीत. आपटल्यावर पंख सुटतो आणि सगळा दणका तो घेऊन जातो. म्हणून डोळा वाचतो. पंख परत बसवायला दोन मिनिटं लागतात. पंख सुटणं हेच त्याचं काम."

"आणि नाही सुटला तर?" तिने विचारलं.

"तर दणका नाकावर. डोळा फुटला की पाखरू आंधळं. मग टेकडीपलीकडे बघायला माणूस जातो, चालत."

"कोण माणूस?"

"तिथे असेल तो," बाई म्हणाल्या. "बहुतेक फेकणारेच. वाटा त्यांनाच माहीत असतात."

बायका परत फिरल्या, हसत, शिक्कासाहेबांची नक्कल करत. मावशी सगळ्यात मागे होती. तपासणीवाल्या बाई तिच्यापासून दहा पावलांवर पाखराचे तुकडे गोळा करत होत्या. दहा पावलं. पुढे कितीतरी दिवस मावशी ती दहा पावलं मोजत होती. त्या वेळी मात्र ती इतर बायकांच्या मागे आत निघून गेली.

दुपारी तिने शिक्कासाहेबांचं दार ठोठावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग खिडकी लावली, मग खुर्चीत बसले.

"मावशी, तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही."

"अहो पण ती परत मागवायला हवीत!"

"अकराच्या अकरा कागदांवर माझा शिक्का आहे. तुम्ही जाल ते जाल, मलाही घेऊन जाल. कोणाला कळणार आहे कोणी केलं ते?"

"आत माझी फुली आहे."

"कसली फुली?"

तिने फुलीचं सांगितलं. शिक्कासाहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे गुन्हा करून वर सही! मावशी, याला घातपात म्हणतात. चौकशी लागेल. तुमची लेक लष्करात आहे ना? तिलाही उभं करतील. आई काय करते, कोणाला भेटते, सगळं विचारतील. तिच्या नोकरीची वाट लागेल. कशाला मुलीच्या मुळावर उठताय?"

हे मात्र मावशीला बरोब्बर लागलं. स्वतःचं काहीही झालं असतं तरी तिने पर्वा केली नसती. पण लेकीचं नाव निघालं आणि ती परत टेबलाशी जाऊन बसली. माणूस किती चटकन गप्प बसतो, नाही? फक्त योग्य जागी बोट ठेवावं लागतं, आणि शिक्कासाहेबांना इतक्या वर्षांच्या अनुभवाने ती जागा कळत होती.

मंगळवार तिने कसा काढला ते तिलाच माहीत. एका पाखराला तिने चार खुंट्या बसवायला घेतल्या, चौथ्या खुंटीला भोकच नाही हे कळायला तिला बराच वेळ लागला. घरी आल्यावर एकच फळी तीनदा पुसली. लेकीला फोन लावला, लागणार नाही हे माहीत असून लावला. लेकीचा फोन फक्त रविवारी यायचा, पाच मिनिटं. तिथली जागा, काम, काही बोलायचं नाही. मागे एकदा मावशीने "तुमच्याकडे थंडी आहे का गं?" विचारलं तर लेक दरडावून म्हणाली होती, "आई, फोनवर नाही." म्हणून दोघी जेवणाखाण्याचं बोलायच्या आणि घोरणाऱ्याचं. घोरणारा म्हणजे लेकीचा जोडीदार. लेक फेकायची, तो पडद्यावर बघून हाकायचा. दोघांच्या खोल्यांमध्ये पत्र्याची भिंत होती आणि त्याच्या घोरण्याने ती थरथरायची म्हणे. "आई, एक दिवस मी त्यालाच भिरकावणार आहे," असं लेक दर रविवारी म्हणायची.

अकरा पाखरं कुठेही गेली असतील, मावशी स्वतःला समजावत होती. लष्कर केवढं मोठं! मग तिला चिठ्ठीवरचं कललेलं अक्षर आठवायचं आणि ती पुन्हा फोनकडे बघायची.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने पाय दाबला नाही. तेवढ्यावरूनच तिला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "आता बोलून काय होणार?"

"तुम्हाला काही वाटत नाही का हो? पोर तुमची नाही?"

तो उठून बाहेर गेला. बुधवारी दिवसभर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. संध्याकाळी ती कामावरून आली तर तो दारातच उभा होता, आत यायलाही त्याने तिला जागा दिली नाही.

"माझ्या एका गाडीचा ब्रेक नीट लागत नव्हता," तो म्हणाला. "तुला कधी सांगितलं नाही. शेवटची फेरी होती, डेपोत लिहून द्यायचा कंटाळा केला. घरी आलो, झोपलो. पहाटे ती गाडी दुसऱ्याने नेली."

"मग?"

"काही झालं नाही. पण मी जाऊन डेपोत उभा राहिलो. गाडी परत येईपर्यंत चार तास उभा होतो. दोन दिवस तुझं तेच चाललंय. जा आणि सांग."

"लेकीला चौकशीत ओढलं तर?"

"ओढू दे. चौकशीला उभी राहायला ती असली म्हणजे झालं."

गुरुवारी सकाळी मावशी कामावर न जाता दोन बस बदलून तपासणीवाल्या बाईंच्या ऑफिसात गेली. तिथे तिला लाकडी बाकावर बसवून ठेवलं. ती बसलीच नाही, बाकापासून दारापर्यंत फेऱ्या मारत राहिली. शिपाई वैतागून म्हणाला, "बाई, फरशी झिजेल." शेवटी आत बोलावलं तेव्हा तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शिक्कासाहेबांचं नाव मात्र घेतलं नाही, पण शिक्के होतेच, ते बोलले.

बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "अकरा कुठली, ओळखायची कशी?"

"पट्टी उचलली की निळ्या दोऱ्याची फुली दिसेल."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि फोन उचलला. सगळ्या तुकड्यांना निरोप गेला: पट्टी उचलून बघा, निळी फुली असेल ते पाखरू उडवू नका. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"निरोप एका दिवसात सगळीकडे पोचतो. सोमवारी तुम्ही माझ्यासमोर उभ्या होतात. तेव्हा का नाही बोललात?"

"भ्याले," मावशी म्हणाली. दुसरं कुठलंही कारण तिला खरं वाटलं नाही.

मावशीला पंखांवरून काढून खोकी फोडायला बसवलं. शिक्कासाहेबांना दुसऱ्या इमारतीत हलवलं, तिथे शिक्के मारण्यासारखं काही नव्हतं म्हणे. बायका मावशीशी जपून बोलू लागल्या आणि त्या जपून बोलण्याचाच तिला जास्त त्रास झाला. शुक्रवारी चार पाखरं परत आली, शनिवारी सहा. सगळी धडधाकट, न उडालेली. ती प्रत्येकाची पट्टी उचलून फुली बघायची. दहा झाली. अकरावं नव्हतं.

रविवारी फोन वाजला तेव्हा तिने तो पहिल्या घंटेलाच उचलला.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"जेवले. तू?"

"हो." लेकीचा आवाज ऐकून मावशी जमिनीवरच बसली. "बरी आहेस ना गं?"

"बरी आहे. झोप येत नाही फक्त. फार शांत झालंय इकडे. घोरणं बंद आहे."

"बरं झालं बाई, सुटलीस!" मावशी म्हणाली. "ठेवते आता," लेक म्हणाली. पाच मिनिटं संपली. फोन ठेवल्यावर मावशी आनंदाने नवऱ्याला म्हणाली, "धडधाकट आहे!" आणि त्या दिवशी कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.

मंगळवारी तपासणीवाल्या बाई स्वतः खोकं घेऊन आल्या. ते त्यांनी मावशीच्या जुन्या टेबलावर ठेवलं.

"उघडा."

मावशीने उघडलं. पाखराचं नाक चेपून आत गेलं होतं, डोळ्याच्या जागी काचेचा चुरा. पंख मात्र अंगाला जसाच्या तसा, सरळ, ताठ. इतकं पक्कं काम तिने आयुष्यात केलं नसेल. चिकटपट्टी कोणीतरी नखाने उचलून पाहिली होती. चिठ्ठीवरचं अक्षर डावीकडे कललेलं होतं.

'डोळा फुटला. पंख शाबूत. उतरताना पंख सुटला नाही. पुढची टेकडी पायी पाहिली. दोघे गेलो, दोघे परत. जोडीदाराच्या डाव्या पायाला गोळी.' खाली शेरा: 'जोडातली निळी फुली काढावी. बुटातली राहू द्यावी.'

मावशीने आधी वाचलं ते 'दोघे परत' एवढंच. तिला हुंदका फुटला, आणि तो सुटकेचा होता. मग गोळीची ओळ वाचली, आणि माझी पोर नाही, दुसऱ्याचं पोर, असंच तिच्या मनात पहिल्यांदा आलं. ते मनात आलं आणि तिची तिलाच इतकी लाज वाटली की तिने चिठ्ठी टेबलावर पालथी घातली. रविवारी आपण काय म्हणालो ते तिला आठवलं. बरं झालं बाई, सुटलीस.

मग तिने चिठ्ठी पुन्हा उलटली आणि तारीख पाहिली. बुधवार.

सोमवारी बोलली असती तर मंगळवारी निरोप पोचला असता. ती बाईंकडे बघत राहिली. बाईंनीही तारीख पाहिलेली होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बुटातली म्हणजे काय?" त्यांनी तेवढं विचारलं.

"ते घरचं आहे."

बाईंनी मान हलवली. "चौकशीचं काय व्हायचं ते होईल. तोवर हा जोड तुम्हीच सोडवा. दुसऱ्या कोणाच्याने सुटत नाहीये."

सकाळी दहाला ती बसली. सुरी चालेना. गरम पाण्याची पट्टी ठेवली, मग सुरीचं पातं तापवलं. फोम फाटला, खुंट्या तुटल्या, पण डिंक ढिम्म हलला नाही. साडेतीनला पंख हातात आला तेव्हा तिच्या दोन बोटांना फोड आले होते. निळा दोरा तिने चिमट्याने काढला आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवला. नवा पंख बसवला, तीन खुंट्या, एक पट्टी. मग पंख धरून हलवला. तो सैल हलला, आणि तिने तो तसाच राहू दिला.

पुढच्या रविवारी फोन आला.

"घोरणाऱ्याचा पाय कसा आहे?" मावशीने विचारलं. जेवलीस का, हे पहिल्यांदाच राहून गेलं.

"वाचला पाय. पण आखूड राहणार म्हणतात, बोटभर."

"मी सोमवारी..."

"आई, फोनवर नाही."

"बरं." मावशीने पेन्सिल ओढून घेतली. "त्याच्या बुटाचं माप काय?"

"कशाला?"

"एका पायाला जाड तळ लागेल आता. आतून उंच करून देते. बाहेरून कळणार नाही. आजूबाजूच्या कोणालाही नाही."

"नऊ नंबर," लेक शेवटी म्हणाली. "आई, त्याला आवडेल की नाही मला माहीत नाही."

"नाही आवडलं तर फेकून दे म्हणावं. मी दुसरे करीन."

त्या बुटांचं काम आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालू आहे. उजवा झाला. डावा तिने दोनदा उकलला, तिसऱ्यांदा चिकटवला. अस्तर अजून बसवलेलं नाही. कागदाची पुडी शेजारीच ठेवली आहे आणि आत दोरा आहे. त्या बुटात फुली घालावी की घालू नये, हे तिचं काही केल्या ठरत नाही.